शाळेतली दंततपासणी चिठ्ठीवरच का थांबते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की ठाणे-नवी मुंबईच्या पानांवर दंततपासणी शिबिरांची छायाचित्रे येऊ लागतात. रांगेत उभी मुले, बॅटरीचा झोत, 'आ' केलेले तोंड आणि खाली एक ओळ : अमुक इतक्या विद्यार्थ्यांची मोफत तपासणी. शिबिरे भरवणाऱ्यांच्या हेतूबद्दल आमची तक्रार नाही. म्हणणे इतकेच की तपासणी म्हणजे उपचार नव्हे, आणि आपल्या दोन्ही शहरांत गाडे अडते ते तपासणीनंतरच्या पायरीवर.

मुलांची गरज किती मोठी आहे, हे नव्याने शोधायचे राहिलेले नाही. भारतीय दंत परिषदेच्या 2002-03 च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांच्या सुमारे 52 टक्के, बारा वर्षांच्या सुमारे 54 टक्के आणि पंधरा वर्षांच्या 63 टक्के मुलांच्या दातांत कीड आढळली होती. आकडे जुने आहेत, पण त्यानंतर शाळेच्या फाटकाबाहेरची वेफर्सची पाकिटे आणि जेलीच्या डब्या काही कमी झालेल्या नाहीत. पहिलीच्या चाळीसच्या वर्गात वीसेक मुलांच्या तोंडात कीड असणार, हे बॅटरी न लावताही धरून चालावे. या वीस जणांना शोधायला फारसे काही लागत नाही. त्यांच्यावर उपचार करायला मात्र बरेच काही लागते.

शिबिरात नेमके काय दिसते, तेही पाहू. चारशे मुले, दोन डॉक्टर आणि सकाळचे तीन तास धरले तर एका मुलाच्या वाट्याला पुरते एक मिनिटही येत नाही. नाव-इयत्ता लिहिण्यात त्यातला निम्मा वेळ जातो. उरलेल्या वेळात मोठे खड्डे, सूज, हिरडीवरची पुळी एवढेच टिपता येते. कीड सुरू होतानाची खूण म्हणजे हिरडीच्या कडेने जाणारी खडूसारखी पांढरी रेघ. ती ओल्या दातावर दिसत नाही, कापसाने किंवा गॉजने दात पुसून कोरडा केला तरच दिसते. दुधाच्या दोन दाढा एकमेकींना रुंद अंगाने टेकलेल्या असतात, त्यांच्या फटीतली कीड वरून बघून कळत नाही. फार तर दाढेच्या कडेला करडी सावली जाणवते, खात्री एक्स-रेनेच होते. त्यामुळे 'दात चांगले आहेत' असा शेरा मिळालेल्या मुलाची दाढ सहा महिन्यांत ठणकायला लागली, तर डॉक्टरांनी हलगर्जी केली असेलच असे नाही. त्या पद्धतीने ते दिसणारच नव्हते.

आणि ज्यांची कीड दिसते त्यांना मिळते ती चिठ्ठी. तिच्यावर बहुधा इंग्रजीत, घाईच्या अक्षरात 'केरिज, रेफर टु डेंटिस्ट' (कीड आहे, दंतवैद्याकडे न्या) एवढेच असते. कोणता दात, किती घाई, कुठे जायचे, कोणत्या वारी, किती वाजता, किती खेपा पडतील, खर्च किती, यातले काहीही नसते. ती चिठ्ठी दप्तरात गृहपाठाच्या वहीत राहते आणि दिवाळीत वहीबरोबर रद्दीत जाते. शिबिराच्या अहवालात मात्र त्या मुलाची नोंद झालेली असते. म्हणून आपल्या वार्ताहरांना एक सुचवावेसे वाटते : पुढच्या शिबिराची बातमी देताना किती मुले तपासली हे जरूर द्या, पण गेल्या वर्षी चिठ्ठी दिलेल्यांपैकी किती जणांचे उपचार पूर्ण झाले, हा आकडाही आयोजकांकडे मागा. बहुतेक ठिकाणी तो ठेवलेलाच नसतो.

पालक बेफिकीर असतात, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. कळवा, दिवा, दिघा, तुर्भे इथल्या नाक्यावर काम मिळवणाऱ्या बापाला किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईला बाह्यरुग्ण विभाग गाठायचा म्हणजे एका दिवसाची मजुरी सोडावी लागते. केसपेपरची रांग, तपासणीची रांग, एक्स-रेची रांग. तोवर दुपार होते आणि पुढची तारीख हातात पडते. दुधाच्या दाढेच्या नसेपर्यंत कीड गेली असेल तर काम बहुधा एका बैठकीत संपत नाही. नसेचा उपचार, मग भरणे, मग दाढेवर स्टीलची टोपी अशा दोन-तीन खेपा होतात. त्यात मूल पहिल्या दिवशी तोंडच उघडत नाही. खासगी दवाखान्यात संध्याकाळची वेळ मिळते, पण नसेचा उपचार आणि टोपी यांचा एकत्र खर्च ऐकून 'पडणारच आहे ना तो दात' हे वाक्य येते. काही घरांत ही समजूत असते. बऱ्याच घरांत मात्र ती 'परवडत नाही' याची सभ्य भाषा असते.

मग रात्री ठणका लागतो. लवंगतेल, मिश्री, कधी दाढेवर ठेवलेली वेदनाशामक गोळी, आणि सकाळी औषधांच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या. गोळी हिरडीवर ठेवल्याने दुखणे थांबत नाही. ॲस्पिरिन असेल तर तिथली कातडी भाजून पांढरी पडते. अँटिबायोटिकने सूज उतरते आणि घर निर्धास्त होते. पण दाढेतली नस मेलेली असते, तिथे रक्तपुरवठा उरलेला नसतो, त्यामुळे औषध मूळ जागी पोचतच नाही. महिन्या-दोन महिन्यांनी सूज पुन्हा येते. नस उघडून साफ करणे किंवा दात काढणे याला पर्याय नाही. दुखण्यापुरते पॅरासिटामॉल चालते, तेही मुलाच्या वजनाप्रमाणे, किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम आणि दोन डोसांत सहा तासांचे अंतर ठेवून. मोठ्यांची अर्धी गोळी अंदाजाने देऊ नये. सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली गळ्याकडे सरकत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल किंवा गिळता येत नसेल तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठा. आणि वरची दाढ काढली की डोळा जातो, ही भीती मनातून काढून टाका. सडलेली दाढ तशीच ठेवली तर तिचा पू डोळ्याच्या खोबणीपर्यंत जाऊ शकतो. धोका काढण्यात नसून ठेवण्यात आहे.

दुधाचे दात पडणारच असतील तर एवढा खटाटोप कशाला? कारण सगळे एकदम पडत नाहीत. पुढचे पटाशीचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे सगळ्यांना ठाऊक असते. पण दुधाची मागची दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायची असते. चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेला आणखी सहा-सात वर्षे काम करायचे आहे. दुधाच्या दाताचे इनॅमल, म्हणजे वरचे कठीण कवच, कायमच्या दातापेक्षा जवळजवळ निम्मे पातळ आणि आतली नस तुलनेने मोठी असते, म्हणून कीड काही महिन्यांत नसेपर्यंत पोचते. अशी दाढ सहाव्या-सातव्या वर्षी काढावी लागली तर तिच्या मागे आलेली कायमची दाढ पुढे सरकून ती जागा खाते आणि पुढे येणारा दात वाकडा येतो किंवा अडकून बसतो. जागा राखायला 'बँड अँड लूप' नावाची तारेची कडी बसवता येते. पण दाढ काढणाऱ्याने तिच्याबद्दल सांगायला हवे आणि पालकाने कडीसाठी परत यायला हवे. या दोन्ही गोष्टी क्वचितच एकत्र घडतात. चौदाव्या वर्षी तारा लावताना जो खर्च होतो, त्यातला काही भाग या न बसवलेल्या कडीचा असतो.

या साऱ्यात सर्वांत जास्त हेळसांड होते ती सहाव्या वर्षीच्या दाढेची. ही कायमची पहिली दाढ. ती कुठल्याही दुधाच्या दाताची जागा घेत नाही. काही न पडता, न हलता, शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे गुपचूप वर येते. आईवडिलांना वाटते, दुधाचीच आणखी एक. पुरती वर यायला तिला कित्येक महिने, कधी वर्षही लागते. तोवर ती शेजारणीपेक्षा बुटकी असते आणि ब्रश तिच्या डोक्यावरून निघून जातो. तिच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केसही आत शिरत नाही, बिस्किटाचा लगदा मात्र शिरतो. तिच्यासाठी ब्रश नेहमीसारखा पुढून मागे न चालवता गालाच्या बाजूने आडवा आत घालावा, म्हणजे त्याचे डोके फक्त त्या एका दाढेवर बसते. दहा-बारा वेळा पुढे-मागे केले की काम झाले. जन्मभर वापरायची दाढ नवव्या वर्षी रूट कॅनॉलला येते, तेव्हा तिच्या आल्याची वर्दी घरात कुणालाच लागलेली नसते.

तिला वाचवण्याची सोय आहे : खाचा बुजवणे, म्हणजे सीलंट. दात घासून साफ करायचा, 37 टक्के फॉस्फोरिक ॲसिडची जेल 15 ते 30 सेकंद लावून धुवायची, वाळवल्यावर माथा दह्यासारखा पांढरट दिसला की पातळ रेझिन (प्लास्टिकसारखा द्रव) सोडून निळ्या प्रकाशाने घट्ट करायचे. सुई नाही, ड्रिल नाही. पण मध्येच लाळेचा थेंब लागला तर सीलंट टिकत नाही, आणि अर्धवट वर आलेल्या दाढेवर लाळ अडवणे कठीण जाते. अशा वेळी आणि शाळेच्या बाकावर काम करताना ग्लास आयनोमर हे दात भरायचे सिमेंट बरे. ते ओलावा थोडा सहन करते, कीड रोखणारे फ्लोराइड सोडते, आणि व्हॅसलिन लावलेल्या बोटाने दाबून बसवता येते. रेझिनपेक्षा लवकर झिजते हे खरे. म्हणूनच सहा महिन्यांनी पाहणी हवी. सातव्या वर्षापर्यंत पहिली दाढ आणि तेराव्यापर्यंत दुसरी, म्हणजे शाळेच्या हिशेबात दुसरी आणि सातवी-आठवी. सगळ्या शाळेची तपासणी करण्यापेक्षा या इयत्तांवर तेवढेच हात लावले तर फळ कितीतरी जास्त मिळेल.

यावरून आमच्या मुख्य मागणीकडे येतो. शिबिराचे दोन डॉक्टर आणि तीन तास तेच ठेवा, फक्त कामाचे स्वरूप बदला. चारशे मुले बघू नका. साठ मुले घ्या आणि त्यांचे काहीतरी करून उठा.

शाळेत वीज नसली, खुर्ची नसली तरी तीन गोष्टी करता येतात. पहिली फ्लोराइड वार्निश, म्हणजे कीड रोखण्यासाठी दातांवर द्यायचा लेप : 5 टक्के सोडियम फ्लोराइड. दुधाच्या सगळ्या दातांना मिळून पाव मिलिलिटर पुरते. दात गॉजने पुसायचे, छोट्या ब्रशने पातळ थर द्यायचा, लाळ लागली की तो आपोआप घट्ट होतो. तोंडाला दोन-तीन मिनिटे लागतात. त्यानंतर काही तास चिवट-कडक खाणे टाळायचे आणि त्या रात्री ब्रश करायचा नाही. दात दिवसभर पिवळसर दिसतात. हे आधी न सांगितल्यास दुसऱ्या दिवशी शाळेत पालकांचे फोन येतात. वर्षातून दोनदा लावले तरच उपयोग. एकदा लावून छायाचित्र काढले तर पैसे वाया. तोंडात जखमा असतील, वार्निशमधल्या कोलोफनी या राळेची ॲलर्जी असेल किंवा दम्यासाठी मुलाला रुग्णालयात दाखल करावे लागले असेल तर लावू नये. म्हणून हे तीन प्रश्न संमतीपत्रातच विचारावेत.

दुसरी गोष्ट सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, 38 टक्क्यांचे. उघड्या खड्ड्यातली कीड ते जागच्या जागी थांबवते. एका थेंबात चार-पाच दात होतात. ओठांना व्हॅसलिन, दाताभोवती कापूस, दात कोरडा करून बारीक ब्रशने मिनिटभर लावायचे. सहा महिन्यांनी पुन्हा. याची अडचण एकच पण मोठी : किडलेला भाग कायमचा काळाकुट्ट होतो. गालाला, बोटाला लागले तर डाग आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. गणवेशाला लागले तर जात नाही. समोरच्या दातांसाठी पालक नकार देतात, विशेषतः मुलीच्या, आणि त्यांना दोष देता येणार नाही. त्यांना काळ्या डागाचे छायाचित्र दाखवून मगच सही घ्यावी. मागच्या दाढांना सहसा कुणाची हरकत नसते. रात्री ठणकणारा, पुळी आलेला किंवा नस उघडी पडलेला दात मात्र यात बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या नमुना यादीत फ्लोराइड टूथपेस्ट, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड आणि ग्लास आयनोमर सिमेंट या तिघांचा समावेश केला. त्यामुळे 'हे काहीतरी नवे प्रयोग आहेत' हा आक्षेप घ्यायला आता जागा नाही.

तिसरी गोष्ट हाताच्या अवजारांनी कीड कोरून सिमेंट भरणे. ही पद्धत 1980 च्या दशकात टांझानियात, जिथे वीजच नव्हती अशा ठिकाणांसाठी बसवली गेली. एकाच पृष्ठभागावरच्या खड्ड्यात ती चांगली टिकते. दोन दाढांच्या फटीतल्या खड्ड्यात मात्र सिमेंट निखळून पडण्याचे प्रमाण बरेच असते. तिथे शाळेत हौस करू नये, मूल दवाखान्यात पाठवावे. तिथे हॉल तंत्राने काम होऊ शकते : दाढ न कोरता, भूल न देता, वर सिमेंट भरलेली स्टीलची टोपी दाबून बसवायची. टोपीला जागा व्हावी म्हणून दाढांच्या फटीत रबराची छोटी कडी दोन-तीन दिवस ठेवतात. पहिले काही दिवस चावताना उंच लागते, मग चावा आपोआप बसतो. नस निरोगी असेल तरच हे करता येते, आणि ते ठरवायला एक्स-रे हवाच.

आता पुढे कुठे पाठवायचे? या बाबतीत आपण खरे तर भाग्यवान आहोत. नेरुळ आणि बेलापूरला दंत महाविद्यालये आहेत, थोडे पुढे खारघर आणि कामोठे इथेही. प्रत्येक महाविद्यालयात बालदंतचिकित्सेचा स्वतंत्र विभाग असतो, आणि विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी रुग्ण हवेच असतात. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी सरळ नेरुळला जाते. ज्यांना मध्य रेल्वे सोयीची त्यांच्यासाठी सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आहे. म्हणजे एका टोकाला रुग्ण शोधणारे विभाग आणि दुसऱ्या टोकाला डॉक्टर न मिळालेली मुले. मधे कमी आहे ती फक्त बांधून दिलेल्या व्यवस्थेची. महापालिकेने एकेका महाविद्यालयाला दहा-दहा शाळा जोडून द्याव्यात, महिन्यातून दोन शनिवार ठरवावेत, परिवहन सेवेची एक बस लावावी आणि सोबत शाळेतलेच एखादे शिक्षक किंवा आशाताई असाव्यात. पालकाने पहिल्या खेपेला यावे, पुढच्या खेपांसाठी लेखी संमती द्यावी. भूल दिल्यावर ओठ दोन-तीन तास बधिर राहतो आणि मूल तो गंमत म्हणून चावत बसते. संध्याकाळी ओठ सुजतो आणि डॉक्टरने काहीतरी केले असा गवगवा होतो. बसमधल्या ताईला हे माहीत असले, तिने तोवर खाऊ दिला नाही आणि ओठावर लक्ष ठेवले, तर एवढ्यावरून उपक्रम बंद पडणार नाही. असे उपक्रम याच कारणांनी बंद पडतात.

सरकारी योजना नाही असेही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरमधून झाली, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आजारांच्या त्याच्या यादीत दंतक्षय आहे. दोन आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा जाते. पण पथकाचे काम पाहून पुढे पाठवण्याचे, म्हणजे पुन्हा चिठ्ठीच. आणि विनाअनुदानित शाळा तर त्याच्या कक्षेतच येत नाहीत. आपल्या वस्त्यांमधल्या दोन खोल्यांच्या इंग्रजी शाळांत, पोटाला चिमटा काढून फी भरणाऱ्या घरांची किती मुले आहेत, हे शिक्षण विभागाला माहीत आहे. शाळा विनाअनुदानित म्हणून त्यांचे आईबाप श्रीमंत ठरत नाहीत.

अंगणवाडीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण खरे युद्ध तिथेच जिंकायचे आहे. स्कॉटलंडच्या चाइल्डस्माइल कार्यक्रमात बालवाडीत रोज शिक्षकांच्या देखरेखीखाली ब्रश करून घेतात. आपल्याकडे 'बेसिन कुठे आहे' हा पहिला प्रश्न येतो. बेसिन लागत नाही. मुले बाकावर बसून ब्रश करतात, फेस कागदात थुंकतात, चूळ भरायची नाही. चूळ भरली की फ्लोराइड धुऊन जाते, त्यामुळे पाणी नसणे इथे पथ्यावरच पडते. प्रत्येक ब्रशवर मुलाचे चित्र किंवा नाव हवे. ट्यूब थेट ब्रशला लावायची नाही, नाहीतर एकाच्या तोंडातले दुसऱ्याच्या तोंडात जाते. स्वच्छ ताटाच्या कडेला अंतर ठेवून ठिपके द्यायचे आणि प्रत्येकाने आपला ठिपका उचलायचा. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढा, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढा, म्हणजे साधारण पाव ग्रॅम. तीस मुलांना दिवसाला साडेसात ग्रॅम लागतात, 100 ग्रॅमची ट्यूब तेरा दिवस जाते. महिन्याला दोन ट्यूबा. ब्रश पावसाळ्यात वाळत नाहीत ही खरी अडचण आहे. झाकणाच्या डब्यात ठेवले तर दोन दिवसांत बुरशीचा वास येतो. उघड्या फळीवर भोके पाडून, डोकी वर आणि एकमेकांना न लागतील अशी उभी ठेवावीत. तीन महिन्यांनी बदलावेत, केस फाकले तर त्याआधीच.

पेस्ट कोणती, हा प्रश्न घरोघरी चुकतो. आपल्या देशात टूथपेस्टमध्ये 1000 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत हजार भागांपेक्षा) जास्त फ्लोराइड घालता येत नाही आणि प्रमाण ट्यूबवर व खोक्यावर छापणे बंधनकारक आहे. ते वाचा. कार्टूनचे चित्र असलेल्या मुलांच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड निम्म्याच्या आसपास असते, काहींत मुळीच नसते. कीड रोखायला 1000 च्या जवळपासची हवी. मुलांसाठी पेस्टची जात बदलू नका, मात्रा कमी करा. फ्लोराइडने दात खराब होतात हे मोबाइलवर फिरणारे निरोप यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांतल्या विंधन विहिरींच्या पाण्यावरून उचललेले असतात. आपल्याला पाणी देणारी भातसा, बारवी, मोरबे ही पावसाने भरणारी धरणे आहेत, तिथला प्रश्न इथे नाही. लाल दंतमंजन आणि राखुंडी मात्र नकोच. ती दात झिजवतात आणि किडीविरुद्ध काहीच करत नाहीत.

घरी आईला किंवा आजीला दोन मिनिटांत करता येईल अशी एक गोष्ट आहे. दोन मोठी माणसे समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली, मुलाचे पाय एकीकडे आणि डोके दुसरीच्या मांडीवर, की तोंड स्वच्छ दिसते आणि मूल धरलेलेही राहते. मोबाइलचा दिवा लावून वरचा ओठ उचलायचा. ओठ उचलल्याशिवाय काही दिसत नाही, कारण कीड आधी वरच्या पटाशीच्या दातांना, तीही हिरडीजवळ लागते. खालचे पुढचे दात जीभ आणि लाळ यांमुळे बहुधा वाचतात. रुमालाने पुसल्यावर हिरडीलगत पांढरी रेघ दिसली तर तिथे अजून खड्डा नाही. पेस्ट, वार्निश आणि रात्रीची बाटली बंद, एवढ्यावर ती थांबू शकते. तपकिरी झाली, नख अडकू लागले, की दवाखाना. हे महिन्यातून एकदा, पहिला दात आल्यापासून. पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा दंतवैद्याला दाखवलेले उत्तम.

गोडाबाबत एकच सांगायचे, कारण बाकी सगळे सर्वांना पाठ आहे. किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे महत्त्वाचे. प्रत्येक गोड किंवा पिठूळ घासानंतर दातावरचे आम्ल पुढची वीस ते तीस मिनिटे इनॅमल विरघळवत राहते, मग लाळ ते भरून काढते. एका बैठकीत दोन पेढे खाणारे मूल सुटते. चहात बुडवलेले एकेक बिस्किट दुपारभर चघळणारे सुटत नाही. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणून साखर घातलेले दूध ब्रशच्या आधी, आणि ब्रशनंतर फक्त पाणी. खोकल्याच्या गोड औषधालाही हाच नियम. मुलाने स्वतः ब्रश केला तरी सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा हात मोठ्यांनी फिरवावा. ज्याला बुटाची नाडी नीट बांधता येत नाही, त्याला मागची दाढ घासता येत नाही.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या आरोग्य आणि शिक्षण विभागांनी मनावर घेतले तर पुढच्या शैक्षणिक वर्षापासून हे जमण्यासारखे आहे. फेब्रुवारी-मार्चच्या अर्थसंकल्पात वार्निश, सिमेंट आणि ब्रशांसाठी स्वतंत्र रक्कम. जूनमध्ये प्रवेशाच्या कागदांसोबतच मराठी, हिंदी आणि उर्दूतले संमतीपत्र, कारण नंतर ते गोळा करायला शिक्षकांना महिना लागतो. जुलैत पहिला वार्निशचा हात, जानेवारीत दुसरा, म्हणजे परीक्षा आणि सुट्ट्या दोन्ही टळतात. तपासणीची चिठ्ठी त्या-त्या घराच्या भाषेत, दातांच्या चित्रावर खूण करून, 'याच आठवड्यात', 'महिन्याभरात' किंवा 'सहा महिन्यांनी' असा एकच चौकोन भरलेली, आणि खाली शनिवारची तारीख व बस सुटण्याची वेळ. शाळेच्या नोंदवहीत 'तपासले' या रकान्यापुढे 'पाठवले', 'गेले' आणि 'पूर्ण झाले' असे आणखी तीन रकाने आखावेत, आणि मुख्याध्यापकांच्या मासिक बैठकीत फक्त शेवटचा रकाना वाचून दाखवावा.

आपले,
बालदंतचिकित्सा करणारे काही दंतवैद्य,
ठाणे आणि नवी मुंबई